ससा रवंथ करतो का?

१९३९ साली 'नेचर' या ब्रिटिश साप्ताहिकात एकाच मथळ्याखाली दोन पत्रं छापून आली. मथळा होता, 'ससा रवंथ करतो का?' एक पत्र मॅडसेन यांचं, दुसरं टेलर यांचं. त्याच वर्षी, त्याच 'नेचर'मध्ये, फेब्रुवारीत माइट्नर आणि फ्रिश यांनी युरेनियमचं केंद्रक फुटतं म्हणजे नेमकं काय होतं ते समजावून सांगितलं होतं. म्हणजे बघा, अणू कसा फुटतो आणि ससा कसा जेवतो, या दोन्ही गोष्टींचा उलगडा विज्ञानजगतासमोर साधारण एकाच सुमारास आला. यातला अणू कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही. ससा मात्र माणसानं शेकडो वर्षं पिंजऱ्यात, परसात, शिकारीत आणि ताटात पाहिला होता.

हे सगळं वीकांताला वाचत बसायचं कारण म्हणजे माकणीहून आलेला एक फोन. माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, लोहारा तालुक्यातलं गाव. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण इथलंच. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) ज्या पट्ट्यात झाला त्याच पट्ट्यातलं. फोनवर मावसभाऊ होता. पोरांनी हट्ट केला म्हणून बाजारातून पांढऱ्या सशाचं पिल्लू आणलेलं, दीडेक महिन्याचं.

"दादा, पिल्लू काहीच खाईना गेलंय. हागवण बी लागलीय. पोट बघ टम्म झालंय."

"खायला काय देताय?"

"गाईचं दूध, बिस्किट, गाजर, भाकरीचा चुरा. पोरं दिवसभर काही ना काही घालायलेतच की."

"गवत?"

"गवत कशाला? ती काय शेळी हाय का?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून मी फोन धरून क्षणभर गप्पच झालो, कारण सशाच्या पोटाचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नात आहे. शेळी आहे की नाही? उत्तर असं की गवत शेळीइतकंच लागतं, पण ते पचवायची रीत शेळीच्या बरोबर उलटी. हे 'उलटी' प्रकरण कळायला माणसाला फार वेळ लागला.

बायबलच्या जुन्या करारात, लेवीयच्या पुस्तकात, खायचे आणि न खायचे प्राणी सांगितलेत. तिथे ससा रवंथ करणाऱ्यांत धरलाय, पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत म्हणून तो निषिद्ध. लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सावलीत बसलेल्या सशाकडे पाहा, तोंड सतत हलत असतं. गाय-बकरीत वाढलेल्या माणसाला त्यात रवंथच दिसणार. हा समज पुढे युरोपात अठराव्या शतकापर्यंत आरामात टिकला.

पहिली अचूक नोंद १८८२ची. शार्ल मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं लिहिलं की ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक नेहमीची, कोरडी, गोल, आपण पिंजऱ्यात पाहतो ती. दुसरी मऊ, चिकट आवरणाची, घोसात येणारी. ही दुसरी आपल्याला सहसा दिसतच नाही, कारण ससा ती जमिनीवर पडूच देत नाही. खाली वाकून थेट तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. मोरोनं हे नीट लिहिलं, छापलं, आणि जग ते विसरून गेलं. ५७ वर्षांनी मॅडसेन आणि टेलर यांना तेच पुन्हा सांगावं लागलं. डॉक्युमेंटेशन होतं, पण कुणी उघडलं नव्हतं. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. :)

आता याचा अर्थ काय ते जरा सावकाश बघू, कारण पिल्लाचा जीव इथेच अडकलेला असतो.

धाराशिव जिल्ह्याची ओळख म्हणजे उस्मानाबादी शेळी. काळी, काटक, जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं नाव तेच राहिलं. शेळीच्या पोटाला चार कप्पे. सगळ्यात मोठा म्हणजे कोठीपोट, आणि तो अगदी सुरुवातीला. गवत तिथे पडतं, कोट्यवधी जिवाणू ते आंबवतात, शेळी ते परत तोंडात आणून चावते, आणि मग हा माल जिवाणूंसकट पुढे खऱ्या जठरात आणि आतड्यात जातो. जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं आपसूक पचतात. कारखाना आधी, दुकान नंतर. सोयीचा मामला.

सशाचा कारखाना शेवटी आहे. जठर एकच, साधं. लहान आतडं संपतं तिथे एक भलीमोठी पिशवी असते, इंग्रजीत सीकम म्हणतात ती. जिवाणू राहतात तिथे. म्हणजे जीवनसत्त्वं तयार होतात ती दुकान मागे पडल्यावर! तो माल वाया जाऊ नये म्हणून ससा तो पुन्हा वरून आत घालतो. मोरोच्या मऊ लेंड्या त्या ह्याच. दिसायला तुतीच्या फळासारखा काळपट घोस. बरेच लोक तो पाहून 'सशाला जुलाब झाले' म्हणतात. ते जुलाब नव्हेत. फक्त असे घोस पडून राहायला लागले, ससा ते उचलेनासा झाला, तर मात्र काहीतरी बिनसलंय हे नक्की.

याहून गमतीचा भाग म्हणजे सॉर्टिंग. सशाचं मोठं आतडं जाडेभरडे धागे वेगळे काढून झटपट बाहेर ढकलतं (त्या कोरड्या लेंड्या), आणि बारीक चुरा उलट्या दिशेनं सीकममध्ये परत पाठवतं. हे यंत्र फिरतं ठेवतात ते धागेच. ससा स्वतः त्यांतून फारसं काही मिळवत नाही, पण ते नसले तर पट्टा थांबतो. पट्टा थांबला की सीकममधला माल सडतो, गॅस होतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून पट्टा आणखी थांबतो. अगदी इन्फिनिट लूप. आणि सशाला उलटीही करता येत नाही, त्यामुळे मागच्या मागे बाहेर पडायचा रस्ताच नाही.

गावाकडच्या माणसाला शेळीपालनाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण तोच सशाला लावला की गडबड होते. सुबाभूळ घ्या. उरळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेनं (मणिभाई देसाईंनी १९६७ साली स्थापन केलेली) हा झाडपाला महाराष्ट्रात गावोगाव नेला, शेळ्या तो आवडीनं खातात. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विष असतं. शेळीच्या कोठीपोटातले काही जिवाणू ते पचायच्या आधीच मोडून टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या गुरांकडे हे जिवाणू नव्हते, ती सुबाभूळ खाऊन आजारी पडत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातून ते जिवाणू नेऊन तिकडच्या गुरांना दिले, आणि पुढे १९९२ साली त्या जिवाणूला जोन्सचंच नाव मिळालं. सशाची गोष्ट वेगळी. त्याचे जिवाणू राहतात शेवटच्या खोलीत, तोवर विष रक्तात उतरलेलं असतं. म्हणून शेळीला मानवणाऱ्या पाल्यानं सशाचे केस गळतात.

बरं, हे सगळं आपल्या पशुवैद्यकात वेळेवर का आलं नाही? कारण सरळ आहे. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं १८८६ साली. आजच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा जन्म पुण्यातला, डिसेंबर १८८९चा, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टीरिओलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून. १८९३मध्ये ती मुक्तेश्वरला गेली. या संस्थांपुढचा प्रश्न होता घोडे आणि गुरं. बुळकांडीनं गोठेच्या गोठे रिकामे होत होते, तेव्हा सशाचं पोट कोण बघणार? आणि ते योग्यच होतं म्हणा.

तरी ससा प्रयोगशाळेत होताच, पण रोगी म्हणून नाही. पाश्चरनं १८८५मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची पहिली लस सशाच्या मज्जारज्जूतून बनवली. पुढे भारतात कसौली (१९००) आणि कुन्नूर (१९०७) इथे पाश्चर संस्था निघाल्या. कितीतरी माणसांचे प्राण सशांच्या जिवावर वाचले. पण प्रयोगशाळेतला ससा आजारी पडला तर त्याला बरं करण्यात कुणालाच रस नव्हता. दुसरा आणायचा. ज्या प्राण्यावर विज्ञानानं इतकं काम केलं, त्याच्याच दुखण्याबद्दल वैद्यक इतकं उशिरा बोलू लागलं ते यामुळे. सशाला घरातला सदस्य मानणारी माणसं जमली तेव्हा चित्र बदललं. अमेरिकेत 'हाऊस रॅबिट सोसायटी' १९८८ची. ससा महाग झाला म्हणून नव्हे, तो कुणाचा तरी झाला म्हणून डॉक्टरांना उत्तरं शोधावी लागली.

पिल्लांचा प्रश्न आणखी नाजूक. सशाची मादी दिवसातून साधारण एकदाच, तेही तीन-चार मिनिटं, पाजते (झॅरो आणि सहकाऱ्यांनी १९६५मध्ये हे मोजून दाखवलं). १९६६ साली स्मिथ आणि कान्यास-रॉड्रिगेझ यांना आढळलं की हे दूध पिल्लाच्या जठरात गेलं की त्यातून जंतुनाशक मेदाम्लं तयार होतात. पिल्लाच्या जठरात अजून मोठ्यांसारखं तीव्र आम्ल नसतं, पहारा असतो तो या दुधाचाच. चार-सहा आठवड्यांनी दूध सुटतं. जुना पहारेकरी गेला, नवा पुरता आलेला नाही, आणि सीकममधली जिवाणूंची वस्ती अजून बसायचीय. नेमकं याच वयात पिल्लू बाजारात विकायला येतं. गोड दिसतं म्हणून. मग गाईचं दूध येतं (त्यात तो पहारा नाही), बिस्किट येतं, भाकरीचा पिठूळ चुरा येतो. ही साखर आणि पीठ कच्च्या आतड्यात पूर्ण पचत नाही, उरलेलं सीकममध्ये पोचतं आणि तिथल्या वाईट जिवाणूंची दिवाळी होते. गाजराचंही तेच, ते कंद आहे, गोड आहे. ससा म्हणजे गाजर हे आपल्या डोक्यात घातलं बग्ज बनीनं, १९४०पासून. तो कार्टून आहे हो!

फोनवर मी भावाला पहिलं विचारलं ते औषधाचं. "माणसाचं जुलाबाचं औषध किंवा अँटिबायोटिक काही दिलंय का?" नव्हतं दिलं, पण धाकट्याच्या खोकल्याचं उरलेलं सिरप कपाटात होतं आणि संध्याकाळी द्यायचा विचार चालू होता. ते आधी कपाटातच ठेवायला लावलं.

याला फार मोठा इतिहास आहे. फ्लेमिंगनं १९२९च्या निबंधात लिहिलं होतं की पेनिसिलिनचं द्रावण सशाच्या शिरेत टोचलं तरी काही अपाय झाला नाही. मे १९४०मध्ये फ्लोरीच्या गटानं ऑक्सफर्डला ते उंदरांवर वापरलं, आठ उंदरांवर, आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. पण १९४३ साली डोरोथी हॅमरे यांच्या गटाला दिसलं की गिनीपिगांना तेच पेनिसिलिन मारक ठरतं. फ्लोरीनं त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर? पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तीच मुळात पेनिसिलिन देशात बनवायला. त्या औषधाचा सगळा प्रवास कदाचित काही वर्षं रेंगाळला असता.

गिनीपिगाचं आणि सशाचं पोट बरंचसं एका जातीचं. औषध स्वतः विष नसतं. पण तोंडानं दिलेलं पेनिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन सीकममधली चांगली वस्ती उठवून लावतं आणि रिकाम्या जागेत क्लोस्ट्रिडियम जातीचे जिवाणू शिरून विष तयार करतात. सशातला मुख्य आरोपी क्लोस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे, हे बोरिएलो आणि कारमन यांनी १९८३ साली दाखवलं. गंमत अशी की माणसांनाही अँटिबायोटिकनंतर असाच भयंकर जुलाब होतो, आणि त्यामागचा क्लोस्ट्रिडियम डिफिसिल १९७८च्या सुमारास पकडला गेला तो हॅम्स्टरांवरच्या प्रयोगांतून. तर खोकल्याचं उरलेलं सिरप सशाला देऊ नये याच्यामागे हे एवढं सगळं उभं आहे.

मग काय करायचं? मी डॉक्टर नाही, त्यामुळे पहिली गोष्ट जनावरांच्या डॉक्टरांकडे नेणं, आणि तेही उद्यावर न ढकलता. मोठ्या सशानं अर्धा दिवस काही खाल्लं नाही तरी ती तातडीची बाब धरतात, पिल्लाचं तर विचारूच नका. जुलाब पातळ पाण्यासारखे असतील तर तास मोजायचे. जाताना ताज्या लेंड्या कागदात बांधून न्यायच्या, कारण या वयात कॉक्सिडिया नावाचे परजीवी फार असतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यावरचं औषध वेगळं. तोवर घरी: दूध, बिस्किट, गाजर, भाकरी बंद. कान गार लागत असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. पाणी समोर, पीत नसेल तर बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थेंब थेंब. आणि वाळलेलं गवत कायम पुढ्यात. आपल्याकडे हराळी बांधावर हवी तेवढी मिळते, फवारा मारलेल्या रानातली तेवढी टाळायची. उपाशी ठेवून पोटाला 'आराम' द्यायचा आपला घरगुती उपाय सशाला लागू नाही, त्याचं पोट रिकामं होण्यासाठी बनलेलंच नाही.

भाऊ डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांचा रोजचा धंदा म्हशींचा, पण त्यांनी लेंडी तपासली, कॉक्सिडिया निघाले, सल्फाचं औषध वजनाप्रमाणे मोजून दिलं, कातडीखाली सलाइन दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री निरोप आला, "दादा, लेंड्या पडायल्या. गोल गोल." लेंड्यांची इतकी आनंदानं दिलेली बातमी मी तरी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण माकणीच्या शिवारात हीच जास्त वेळा घडत असणार. तुरीच्या काढणीत, उसाच्या फडात रानसशाचं पिल्लू सापडतं आणि 'आई सोडून गेली' म्हणून लोक घरी आणतात. रानससा आणि हा पांढरा ससा, मराठीत नाव एकच, पण प्राणी दोन. पांढऱ्याची पिल्लं बिळात जन्मतात, उघडीनागडी, डोळे मिटलेली. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची, जमिनीवरच दबून बसतात. आई दिवसभर लांब राहते, कारण तिच्या वासानं कोल्हा-लांडगा यायचा. ती सोडून गेलेली नसते, पाजायला अंधार पडायची वाट बघत असते. उचललं नाही तर बहुतेक वाचतं. उचलून गाईचं दूध पाजलं तर वर लिहिलेलं सगळं सुरू होतं. शिवाय रानससा घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पिल्लू जखमी असेल तर वनखात्याला कळवावं.

या सगळ्या वाचनात मला सगळ्यात आवडलेला माणूस मात्र ना शास्त्रज्ञ ना पशुवैद्य. इंग्रज कवी विल्यम कूपर. ऑल्नी गावात राहायचा, नैराश्याच्या मोठ्या झटक्यातून कसाबसा सावरत होता. १७७४ साली त्याला शेजारच्या पोरांकडचं कंटाळून टाकलेलं रानसशाचं पिल्लू मिळालं, मग आणखी दोन. पस, टायनी आणि बेस. नावं बायकी, तिघेही नर. दहा वर्षांनी, १७८४मध्ये, त्यानं 'जंटलमन्स मॅगझिन'ला या सशांचा वृत्तान्त लिहून पाठवला. त्यात ससे रवंथ करतात असंच त्यानं धरलंय, म्हणजे सिद्धांत साफ चुकीचा. पण नजर काय विलक्षण! कोणती रानपालेभाजी आवडते, काडाची गरज किती, पक्ष्याच्या पिंजऱ्यातली बारीक वाळूसुद्धा ते कसे तुटून पडून खातात, सगळं टिपलेलं.

एकदा पस तीन दिवस आजारी पडला. कूपरनं त्याला बाकीच्या दोघांपासून वेगळं ठेवलं, कारण आजाऱ्याला तेच छळतात हे त्यानं पाहिलं होतं. मग एकेक पाला समोर धरत राहिला, हा नाही तर तो, तो नाही तर दुसरा, पस खाईपर्यंत. सीकम, क्लोस्ट्रिडियम, काही काही माहीत नसलेला माणूस. पस बरा झाला आणि त्यानं कूपरचा हात चाटला, आधी वरून, मग तळव्याकडून, मग एकेक बोट. पुढे आयुष्यात असं त्यानं फक्त एकदाच केलं, तेही अशाच एका आजारातून उठल्यावर.

बेस लवकर गेला, टायनी नवव्या वर्षी. पस मार्च १७८६मध्ये भरदुपारी, म्हातारपणानं, काही न दुखता गेला. कूपरनं कागदावर त्याचं वय लिहून ठेवलंय: अकरा वर्षं, अकरा महिने.